गेल्या वर्षीचा कट-ऑफ आणि यंदाचे क्लिनिक

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

माझी मुलगी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका लॉ स्कूलमध्ये जे.डी. (तिथली कायद्याची पदवी) करते आहे आणि आता तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षात जाईल. इथे एम.ए.ला अर्थशास्त्रात ती पहिली आली होती. तिथे मात्र दोन वर्षांनंतर तिचा जीपीए 3.42 आहे. पहिल्या वर्षी तो 3.30 होता, दुसऱ्या वर्षाची सरासरी 3.58 पडली. वर्गात 210 विद्यार्थी आहेत. क्रमांक सांगत नाहीत, ‘वरच्या 40 टक्क्यांत’ एवढेच कळवतात. वरच्या एक तृतीयांश विद्यार्थ्यांना पदवीवर ‘कुम लाउडे’ (लॅटिनमध्ये ‘गौरवासह’) असा सन्मान मिळतो आणि गेल्या वर्षी त्याचा कट-ऑफ 3.48 होता. पदवीच्या 86 क्रेडिटपैकी तिची 58 झाली आहेत, त्यांतील 52 ग्रेडची आहेत. उरलेल्या 28 मधली 12 क्रेडिट ती भाडेकरूंचे खटले चालवणाऱ्या क्लिनिकला (लॉ स्कूलच्याच कायदा मदत केंद्राला) देणार म्हणते, आणि त्याला ग्रेडच नाही. माझे म्हणणे, त्याऐवजी सोपे विषय घेऊन जीपीए वर काढावा आणि तोवर बायोडाटात 3.5 लिहावे. ओहायोतील एका मध्यम फर्मने तिला नोकरी देऊ केली आहे, पण सन्मान मिळाला तर मोठी फर्म मिळेल असे मला वाटते. मध्यंतरी तिने कुठल्याशा ‘काली’ संस्थेचे पुरावा कायद्याचे प्रमाणपत्र पाठवले. ते बहुधा हजेरीचे असावे. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. मित्रमंडळी चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावणार आहेत आणि विचारतात, नंबर कितवा लिहायचा? या विषयावरून आम्हा बापलेकीत सध्या बोलणे बंद आहे.
— एक वडील, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही बँकेत होतात, तेव्हा रागलोभ बाजूला ठेवून आधी हिशेबच करू. 52 क्रेडिट आणि 3.42 सरासरी म्हणजे तुमच्या लेकीच्या खात्यात आज 177.84 गुण जमा आहेत. तिने क्लिनिक घेतले तर ग्रेडची 16 क्रेडिट उरतात, नाही घेतले तर 28. गेल्या वर्षीचा 3.48 हाच आकडा यंदाही राहील असे घटकाभर धरले, तर क्लिनिक घेऊन तिथे पोहोचायला उरलेल्या विषयांत सरासरी 3.68 लागेल आणि क्लिनिक सोडून 3.59. दुसऱ्या वर्षी तिने 3.58 मिळवले आहेत. तेवढेच पुन्हा मिळाले, तर क्लिनिकसह तिचा अंतिम जीपीए 3.458 होतो आणि क्लिनिकशिवाय 3.476. ज्या एका गोष्टीसाठी ती शेवटचे वर्ष राखून ठेवू पाहते आहे, ती सोडल्याचा मोबदला दोन शतांशाहूनही कमी आहे आणि तो पदरात पडूनही ती रेषेच्या अलीकडेच राहते. अशा व्याजदरावर तुम्ही कुणाला ठेव मोडायला सांगितली नसती.

यावर तुम्ही म्हणाल की सोपे विषय घेतले तर सरासरी 3.58 च्या बरीच वर जाईल. जाईलही, परंतु इथे ‘कट-ऑफ’ या शब्दाचा अर्थ नीट पाहायला हवा. अकरावीच्या किंवा इंजिनीअरिंगच्या प्रवेशाची यादी लागते तेव्हा कॉलेज आधी कट-ऑफ ठरवून मग मुले घेत नाही. जागा भरत जातात आणि शेवटच्या जागेवर जो बसला त्याचे गुण म्हणजे कट-ऑफ. म्हणून तो दरवर्षी हलतो, फेरीगणिकही हलतो. तुमच्या लेकीच्या लॉ स्कूलचा 3.48 हा आकडा अगदी त्याच जातीचा आहे. नियम ‘वरचे एक तृतीयांश’ असा आहे आणि 210 जणांत ती रेषा सत्तराव्या माणसापाशी येते. गेल्या वर्षी त्या सत्तराव्या माणसाचा जीपीए 3.48 निघाला, इतकेच. यंदाचा सत्तरावा कोण आणि त्याचा जीपीए किती, हे शेवटच्या सत्राचे सगळे निकाल लागल्याशिवाय रजिस्ट्रारलाही सांगता येणार नाही. तिसऱ्या वर्षी लहान लहान सेमिनार घेता येतात, तिथे ग्रेड देण्याचे बंधन बहुधा सैल असते, त्यामुळे तुम्ही सुचवलेली वाट बाकीच्यांनाही ठाऊक आहे. सगळेच पायरीभर वर सरकले की रेषाही पायरीभर वर सरकते. लॉस एंजेलिसच्या लोयोला लॉ स्कूलने 2010 मध्ये विद्यार्थ्यांच्या जुन्या ग्रेडसुद्धा सरसकट 0.333 ने वाढवल्या होत्या, कारण इतर ठिकाणांच्या तुलनेत त्यांचे आकडे नोकरीच्या बाजारात फिके दिसत होते. त्याने बाहेरच्यांच्या नजरेत फरक पडला असेल. वर्गातल्या वर्गात मात्र कोणीही कोणाच्या पुढे गेले नाही.

आणखी एक बारकावा आहे. गेल्या वर्षीचा 3.48 हा पूर्ण तीन वर्षांनंतरचा आकडा आहे, तर तुमच्या लेकीचा 3.42 हा दोन वर्षांनंतरचा. ती 40 टक्क्यांच्या रेषेवर असेल तर साधारण चौऱ्याऐंशीवी आहे, म्हणजे तिच्यात आणि सन्मानात जेमतेम चौदा माणसे आहेत आणि ती काही शतांशांच्या पट्ट्यात दाटीवाटीने उभी आहेत. वर्गाच्या मध्याजवळ असेच होते. एका चार क्रेडिटच्या विषयात बी-प्लसऐवजी ए-मायनस मिळाली की माणूस पाचसहा जणांना ओलांडून जातो आणि उलटही होते. म्हणून ‘ती सन्मानापासून 0.06 ने दूर आहे’ हे वाक्य दिसते तितके पक्के नाही.

ही दाटी कशामुळे होते, ते सांगते, कारण ‘एम.ए.ला पहिली आणि तिथे चौऱ्याऐंशीवी’ या तुमच्या दुखण्याचे मूळ तिथेच आहे. अमेरिकन लॉ स्कूलमध्ये, विशेषतः पहिल्या वर्षी, ग्रेड ‘कर्व्ह’वर दिल्या जातात. करार, अपकृत्ये, दिवाणी प्रक्रिया, मालमत्ता असे सगळ्यांना सारखेच विषय, प्रत्येक विषयाला बहुतेक करून शेवटी एकच तीन-चार तासांची परीक्षा आणि प्राध्यापकावर बंधन असे की वर्गाची सरासरी ठरावीक पट्ट्यातच बसली पाहिजे. सत्तर उत्तरपत्रिका सत्तरही उत्तम निघाल्या, तरी त्यांतल्या काहींना बी आणि काहींना बी-मायनस द्यावीच लागते. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, परीक्षा क्रमांक असतो. मी शिकत होते तेव्हा निकालाचा कागद रजिस्ट्रारच्या दाराशेजारी चिकटवत असत. नुसते चार आकडी क्रमांक आणि पुढे एकेक अक्षर. डोळे बारीक करून बोट खाली खाली नेताना माझ्या शेजारी उभा असलेला मुलगा पुटपुटला होता की आयुष्यात पहिल्यांदाच आपले बोट कागदाच्या मध्यावर थांबते आहे. त्या वर्गातला जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या कॉलेजातून पहिल्या पाचात येऊन तिथे पोहोचलेला होता. तुमच्या लेकीने पहिल्या वर्षाच्या 3.30 वरून दुसऱ्या वर्षी 3.58 वर उडी घेतली, ती याच गर्दीत आणि परक्या देशातल्या परीक्षेच्या पद्धतीत. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांचे गुणपत्रक, वाचणारा माणूस आधी ही चढण पाहतो.

सगळीकडे नियम एकच आहे असेही समजू नका. शिकागो विद्यापीठात ग्रेड 155 ते 186 अशा आकड्यांत देतात आणि वर्गाचा मध्य 177 ला धरतात. तिथे सन्मानाच्या रेषा खरोखरच आधी आखलेल्या आहेत: 179 ला ऑनर्स, 180.5 ला हाय ऑनर्स, 182 ला हायेस्ट ऑनर्स. अशा ठिकाणी तुमचा ‘एवढे गुण आणायचेच’ हा हिशेब चालतो, कारण रेषा जागची हलत नाही. हार्वर्डमध्ये दोन्ही प्रकारांची मिसळ आहे. ‘सुम्मा कुम लाउडे’साठी 4.75 चा ठाम आकडा आहे, त्याखालच्या 10 टक्क्यांना ‘माग्ना’ आणि त्याखालच्या 30 टक्क्यांना नुसते ‘कुम लाउडे’. जॉर्जटाउनची रेषा तुमच्या लेकीच्या लॉ स्कूलसारखीच वरच्या एक तृतीयांशावर आहे, तर न्यूयॉर्क विद्यापीठात ती वरच्या 25 टक्क्यांवर. येलमध्ये तर पहिल्या सत्राला ग्रेडच नसते, पुढेही ‘ऑनर्स’ आणि ‘पास’ यांपलीकडे फारसे काही नसते आणि पदवीवर लॅटिन शब्दही नसतात. येल, स्टॅनफर्ड, कोलंबिया, शिकागो ही लॉ स्कूल्स विद्यार्थ्यांचा क्रमांक लावतच नाहीत. तेव्हा ‘नंबर कितवा’ या प्रश्नाला तिथल्या निम्म्या नामवंत ठिकाणी उत्तरच नाही.

‘ऑर्डर ऑफ द कॉइफ’ हे नाव तुमच्या कानावर आले असेल किंवा येईल. इंग्लंडमधले जुने ज्येष्ठ वकील डोक्याला घट्ट बसणारी पांढरी टोपी घालत, तिच्यावरून हे नाव पडले आहे. 1902 मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेली ही मानाची संस्था आपल्या सदस्य लॉ स्कूल्समधल्या वरच्या 10 टक्के पदवीधरांनाच घेते. तिची एक अट लक्षात ठेवण्यासारखी आहे: एकूण अभ्यासक्रमातला किमान 75 टक्के भाग ग्रेडच्या विषयांत झालेला हवा. क्लिनिक घेऊनही तुमच्या लेकीची 86 पैकी 68 क्रेडिट, म्हणजे 79 टक्के, ग्रेडची राहतात. त्या सन्मानाचा प्रश्न तिच्या बाबतीत येणार नाही, पण विनाग्रेड विषय घेण्यावर कुठल्या सन्मानाने कुठे मर्यादा घातली आहे हे रजिस्ट्रारकडून लेखी विचारून घ्यावे, एवढ्यासाठी ही अट सांगितली. तिच्या लॉ स्कूलच्या ‘कुम लाउडे’लाही अशी काही किमान ग्रेड-क्रेडिटांची अट असू शकते, आणि ती पाहण्याचे काम तिचे आहे, तुमचे नव्हे.

आता नोकरीचे. मी काही वर्षे एका फर्मच्या भरती समितीत बसले आहे, म्हणून हे जरा ठासून लिहिते. मोठ्या फर्म ज्या जागा भरतात त्या बहुतांशी दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात आपल्याकडे काम केलेल्या विद्यार्थ्यांतून भरतात, आणि त्या उन्हाळ्यासाठीची निवड पहिल्या वर्षाच्या ग्रेडवर झालेली असते. हल्ली तर ती निवड आणखी आधी होऊ लागली आहे. ‘कुम लाउडे’ हे शब्द पदवीदानाच्या वेळी मिळतात. तोवर गाडी स्टेशन सोडून गेलेली असते. सन्मानाचा उपयोग होतो तो पुढे: न्यायाधीशांकडे क्लर्कशिप करायची असेल, प्राध्यापकी करायची असेल किंवा काही वर्षांनी फर्म बदलायची असेल तेव्हा. (क्लर्कशिप म्हणजे कारकुनी नव्हे, न्यायाधीशाच्या हाताखाली राहून निकालपत्राचे मसुदे आणि संशोधन करण्याचे ते मोठ्या चुरशीचे पद आहे. बँकेतल्या माणसाला हा शब्द फसवेल म्हणून कंस टाकला.) तिच्या हातात आज ओहायोतल्या फर्मचा प्रस्ताव आहे, हीच तुमच्या पत्रातली सर्वांत वजनदार ओळ आहे आणि ती तुम्ही ‘पण’ लावून लिहिली आहे. विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्या जे.डी.ला पदवीनंतर कामाची सवलत एकाच वर्षाची मिळते, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांसारखी मुदतवाढ नसते. त्या वर्षभरात पुढच्या व्हिसाचा अर्ज करायला तयार असलेली फर्म हाताशी असणे, याची बरोबरी कोणताही लॅटिन शब्द करत नाही.

क्लिनिकला तुम्ही ‘ग्रेड नसलेला विषय’ म्हटले आहे. ते आत काय असते ते पाहिलेले नसल्यामुळे, असे मी समजते. राज्याच्या नियमांनुसार तिथे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला प्राध्यापक-वकिलाच्या देखरेखीखाली खऱ्या अशिलाच्या वतीने न्यायालयात उभे राहता येते. घर खाली करण्याचे खटले ज्या दिवशी लागतात त्या दिवशी बोर्डावर एकापाठोपाठ एक नावे असतात आणि एकेका खटल्याला काही मिनिटे मिळतात. समोर घरमालकाचा सराईत वकील, शेजारी कामावरची पाळी बुडवून आलेली एखादी बाई, तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत भाड्याच्या पावत्या आणि दारावर चिकटवलेली नोटीस. त्या नोटिशीवरची तारीख कायद्याने दिलेल्या मुदतीत बसते का, एवढे एक जरी तिने वेळेत पाहिले तरी खटल्याची दिशा बदलू शकते. तीन-चार तासांच्या लेखी परीक्षेत हे शिकवता येत नाही. मध्यम आकाराच्या फर्ममध्ये नव्या वकिलाला लवकर न्यायालयात पाठवतात, त्यामुळे तिच्या भावी मालकांना या बारा क्रेडिटचे मोल तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळेल.

बायोडाटात 3.5 लिहिण्याबद्दल मात्र मी वाद घालणार नाही, सरळ सांगते: लिहू नये. 3.42 चे जवळच्या दशांशात रूपांतर केले तरी 3.4 होते, 3.5 हे खोटे विधान आहे. फर्म ट्रान्स्क्रिप्ट मागवते आणि दोन्ही कागद शेजारी ठेवते. वकिलीची सनद मिळण्याआधी तिथे चारित्र्य व योग्यतेची स्वतंत्र तपासणी होते, लॉ स्कूलकडूनही माहिती मागवली जाते आणि बायोडाटातली अशी वाढ हे शिस्तभंगाचे प्रकरण होऊ शकते. आमच्या समितीत एकदा अशीच दोन आकड्यांतली तफावत सापडली होती. उमेदवाराला कोणी जाबही विचारला नाही, त्याचा अर्ज नुसता दुसऱ्या ढिगात गेला. ट्रान्स्क्रिप्टवर जितकी दशांश स्थळे आहेत तितकीच लिहावीत आणि हवे असल्यास पुढे ‘वरच्या 40 टक्क्यांत’ असे लॉ स्कूलच्याच शब्दांत जोडावे. कर्व्ह कडक असलेल्या ठिकाणचा 3.42 बाहेरच्याला त्या जोडीमुळेच नीट कळतो. सन्मानाबद्दलही तेच: ‘अपेक्षित’ असे लिहून न मिळालेला सन्मान बायोडाटात चढवण्याची एक पद्धत काही विद्यार्थी वापरतात, ती तिने वापरू नये.

आता त्या प्रमाणपत्राकडे येते, ज्याची वाट मी पत्र वाचल्यापासून पाहते आहे. ते ‘काली’ नव्हे, ‘कॅली’. कायद्याच्या शिक्षणासाठी संगणकावरील पाठ तयार करणाऱ्या एका संस्थेचे ते आद्याक्षरी नाव आहे, आणि अनेक लॉ स्कूल्समध्ये त्या संस्थेच्या नावाने एक पुरस्कार दिला जातो. तो हजेरीचा नसतो. एखाद्या विषयाच्या वर्गात ज्याला सर्वांत जास्त गुण मिळतात त्याच विद्यार्थ्याला तो मिळतो. म्हणजे पुरावा कायद्यासारख्या, भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या विषयात, नाव झाकलेल्या उत्तरपत्रिकांतून, मुलगी वर्गात पहिली आली आहे. तिने ते तुम्हाला पाठवले, काही न समजावता पाठवले, आणि तुम्ही त्याला हजेरीचे प्रमाणपत्र समजून बहुधा खणात ठेवून दिले. बोलणे बंद होण्याचे कारण 3.42 असेल असे तुम्हाला वाटते. मला ते खणात दिसते. बायोडाटात जीपीएच्या खालच्या ओळीवर तो पुरस्कार विषयाच्या नावासह लिहायला तिला सांगायचे कारण नाही, तिने तो केव्हाच लिहिला असणार.

फ्लेक्सचे म्हणाल तर पदवी हातात येईपर्यंत मित्रमंडळींना थांबवावे, कारण ‘ऑनर्ससह’ असे आत्ता छापले आणि रेषा तिच्या वर गेली तर चौकातले अक्षर खोडताना तुमचीच पंचाईत होईल. पदवीनंतर ‘ज्युरिस डॉक्टर’ ही पदवी आणि विद्यापीठाचे नाव पुरे. नंबर घातल्याशिवाय कोणाला चैनच पडत नसेल तर ‘पुरावा कायदा या विषयात वर्गात प्रथम’ ही ओळ खरी आहे आणि तिच्या पाठीशी कागद आहे. मात्र ती छापायची की नाही, हे तिला विचारून ठरवा.

फोन तुम्ही करा, तिने करण्याची वाट पाहू नका. तिथली रात्र, इथली सकाळ असा रविवार धरा. आधी त्या प्रमाणपत्राबद्दल तुमची समजूत चुकली होती हे सांगा, कारण ती चूक तुमची आहे आणि ती कबूल करायला दोन वाक्ये लागतात. क्लिनिकला तिची निवड झाली असेल तर पहिला खटला केव्हा लागतो ते विचारा. अशिलाचे नाव-गाव ती तुम्हाला सांगणार नाही, तिला ते सांगताच येत नाही. नोटिशीची मुदत कशी मोजतात एवढे मात्र ती नक्की सांगेल, आणि तारखा व मुदती मोजण्यात तर तुमची नोकरी गेली आहे.